जात्यावर बसलं की

'गीतरामायण' आपल्या पिढीपर्यंत पोचलं ते भोंग्यावरून. रामनवमीला देवळावर सकाळपासून लावलेलं, आवाज फाटलेला, मधेच कुणाचं तरी 'हॅलो, माइक टेस्टिंग'. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेलं नाही, ते फक्त आजूबाजूला वाजत होतं. आजी-आजोबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ते थोर आहे हे मान्य करून आपण हेडफोन लावले. मी त्याच्याकडे परत गेलो तो भक्तीमुळे नाही, आणि जुन्याच्या ओढीनंही नाही. गेलो एका आकड्यामुळे. वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी आणि छप्पन्न चाली.

१ एप्रिल १९५५ रोजी, शुक्रवारी, रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची, आणि हे घडवून आणण्यामागे केंद्रावरचे सीताकांत लाड. वर्षाची बावन्न गाणी ठरली होती. मधे अधिक महिना आला आणि ती छप्पन्न झाली. शेवटचं गीत १९ एप्रिल १९५६ ला. माडगूळकर आणि फडके दोघंही १९१९ सालचे, म्हणजे सुरुवातीला दोघं पस्तिशीत होते. दोघांचीही सिनेमाची कामं चालू होती. म्हणजे हे काही हिमालयात बसून केलेलं तप नव्हतं. आठवड्याचा हप्ता होता.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दोन आठवड्यांचा स्प्रिंट करतो आणि त्यातही निम्मी कामं पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो. रेडिओवर ढकलायची सोय नसते. शुक्रवार उजाडतोच. मग माझा प्रश्न साधा आहे: या माणसाला छप्पन्न वेळा चाल सुचली कशी? एखाद्या आठवड्यात सुचलीच नसेल तर त्यानं काय केलं? गीतरामायणावर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात 'दैवी', 'प्रासादिक', 'सरस्वतीचा वरदहस्त' हे शब्द इतक्यांदा येतात की हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. वरदहस्त असेल तर अडायचं कशाला?

पण अडतं. आणि आज ज्यांचं अडतं ते कोण आहेत, हे बघितलं की प्रश्न गंभीर होतो. आमचं आखाडा बाळापूर हिंगोली-नांदेड रस्त्यावर आहे. गाणं करायचं तर पूर्वी पेटी, ढोलकी, भजनी मंडळ किंवा बँड पार्टी. आता स्वस्तातल्या फोनमध्येसुद्धा बँडलॅब चालतं, जुन्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ चालतो. बीट करणारी पोरं आमच्याकडे आहेत, आणि कान चांगले असलेली आहेत. त्यांच्या फोनमध्ये बघा: आठ मात्रांचे तुकडे, 'नवीन १', 'नवीन १ फायनल', 'नवीन १ फायनल खरंच'. पुढं काही नाही. एक तुकडा गोल गोल फिरत राहतो. विचारलं तर उत्तर एकच, 'सुचंना गेलं.' वर्षभरानं ते ॲप काढून टाकतात आणि म्हणतात, 'आपल्यात ते नाही.' पुण्या-मुंबईच्या पोराला निदान कुणी मास्तर, कुणी मोठा भाऊ, कुणी स्टुडिओवाला भेटतो, जो सांगतो की सगळ्यांचंच असं होतं. बाळापूरच्या पोराला भेटते ती फक्त वरदहस्ताची गोष्ट. आणि हात आपल्या डोक्यावर नाही हे त्याला लगेच पटतं.

म्हणून गीतरामायणाच्या दोन गोष्टी जरा नीट वाचायला हव्यात. पहिली सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच गाण्याचा कागद फडक्यांकडे पोचला आणि हरवला. प्रसारणाची वेळ तोंडावर आलेली. माडगूळकर चिडले, पुन्हा लिहायला तयार होईनात. लाडांनी त्यांना कागद-पेन देऊन खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. गाणं झाल्याशिवाय दार उघडणार नाही. पंधरा मिनिटांत गाणं तयार. ही गोष्ट सांगणारे शेवटी हमखास हात झटकून म्हणतात, 'अशी असते प्रतिभा!' काही मॅनेजर लोक हीच गोष्ट डेडलाइनचं महत्त्व सांगायला वापरतील. मला दोन्ही अर्थ चुकीचे वाटतात. त्या पंधरा मिनिटांत माडगूळकरांनी नवं काही रचलं नव्हतं. गाणं आधीच रचून झालं होतं, त्यांनी ते आठवलं. कडीनं स्मरणशक्तीला जोर दिला, सुचण्याला नाही. सेव्ह केलेली फाइल उडाली तर दुसऱ्यांदा तोच कोड लिहायला निम्म्याहून कमी वेळ लागतो, हे आमच्या धंद्यात कुणालाही विचारा. खरा वेळ पहिल्यांदा गेलेला असतो, आणि त्या पहिल्या वेळेची गोष्ट कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. माडगूळकरांच्या पत्नी विद्याताईंनी सांगितलेली. रामजन्माचं गाणं लिहायचं होतं. संध्याकाळ उलटून गेली तरी मनासारखं उतरत नव्हतं. लिहीत होते आणि ते पटत नव्हतं. विद्याताईंनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं अशा अर्थाचं की बाई, इथे रामाचा जन्म व्हायचा आहे, कुणा माडगूळकराचा नाही. विनोद आहे, पण त्यात अडण्याचं नेमकं कारणही आहे. अडलं होतं ते शब्द संपले म्हणून नव्हे. समोर जे उतरत होतं ते प्रसंगाच्या मापाचं नाही हे त्यांना दिसत होतं, म्हणून. आणि तरी शुक्रवार चुकला नाही. म्हणजे 'अजून नीट झालेलं नाही' आणि 'वेळ संपली' हे दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात एकाच रात्री होतं, आणि त्यानं दोन्ही खरं मानलं. पोरं फोनवर अडतात ती या दोनातलं एकच खरं मानतात म्हणून. त्यांना शुक्रवारच नसतो.

आता फडक्यांकडे येऊ, कारण चालीची गोष्ट वेगळी आहे. कवीकडे निदान वाल्मीकी होता. संगीतकाराकडे काय होतं?

माझं म्हणणं असं की फडक्यांकडे बऱ्याच गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या, आणि त्यांच्या अडचणी त्यानंच कमी केल्या. वार ठरलेला. वेळ ठरलेली. कथा ठरलेली. गाण्याचा घाट ठरलेला: धृपद, मग कडवी, कडव्यांना बहुतेक एकच चाल. वाद्यं मोजकी. एवढं सगळं बांधून टाकल्यावर उरतं काय? उरतो एकच प्रश्न, आणि तो 'नवीन चाल कोणती करू?' हा नाही. तो आहे: या आठवड्यात कोण बोलतंय, कुणाशी, आणि कुठल्या घटकेला? 'नवीन चाल कर' या सूचनेचं उत्तर शोधायला अख्खं आकाश पडलेलं असतं, म्हणून माणूस अडतो. 'शबरी रामाला बोरं देताना बोलते आहे' याचं उत्तर शोधायला एक झोपडी पुरते. म्हातारीचा आवाज किती उंच जाईल, ती एका दमात किती बोलेल, हे ठरलं की निम्मी चाल झाली.

या गाण्यांत छत्तीस राग मोजले जातात. गाणी छप्पन्न. म्हणजे काही राग पुन्हा आले, आणि फडक्यांना त्याची लाज वाटलेली दिसत नाही. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकरांच्या गाण्यावर पोसलेला हा माणूस. कानात साठलेलं होतं ते त्यानं निःसंकोच काढून वापरलं. शेवटचं गीत भैरवीत आहे, कारण मैफल भैरवीनं संपते. इथे डोकं चालवायची गरजच नव्हती, परंपरेनं उत्तर देऊन ठेवलं होतं. काहीतरी वेगळं करायचं म्हणून त्यांनी ते मोडलं असतं, तर आज ते गाणं आठवायला त्रास पडला असता.

आणि दोन गाणी अशी आहेत जिथे चाल कामातूनच आली आहे असं वाटतं. एक गुहाच्या नावाड्यांचं, गंगा ओलांडतानाचं. दुसरं वानर सेतू बांधतात तेव्हाचं. दोन्ही समूहानं गायची, दोन्हींत अंग हलतं आहे. वल्हं मारायला जेवढा वेळ लागतो, दगड उचलून पुढच्याच्या हातात द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी ओळ. हेडफोन लावून सेतूचं गाणं ऐका आणि शब्दांकडे दुर्लक्ष करा. फक्त समूहाचा आवाज कुठे पडतो ते बघा. तो जिथे पडतो तिथे दगड पडतो. या गाण्यात रागाची हुशारी शोधू नका. त्याची ताकद त्या पडण्यात आहे.

सगळ्यांत मोठी कसोटी मात्र राम भरताची समजूत घालतो त्या गाण्याची. यमनातलं. गीतरामायणातलं बहुधा सर्वांत जास्त गायलं गेलेलं. कडव्यांमागून कडवी येतात, आणि चाल तीच. आपल्या कानाला, जो दर वीस सेकंदांनी ड्रॉपची वाट बघतो, हे पहिल्यांदा सहन होत नाही. पण कोण बोलतंय ते लक्षात घ्या. भरत हट्टाला पेटला आहे: परत चल. राम नाही म्हणतो आहे. भरत पुन्हा विनवणार, राम पुन्हा तेच सांगणार, दाखला तेवढा नवा. ज्याचं मत बदलणार नाही त्याची चाल कशाला बदलेल? इथे पुनरावृत्ती हा रामाचा स्वभाव झाली आहे. आणि यमनासारखा राग, ज्यात दुःखही आवाज न चढवता सांगता येतं. या गाण्यात ठरलेल्या घाटानं संगीतकाराला अडवलं नाही, उलट अर्थ दिला.

सगळीकडे असं झालेलं नाही. हे म्हणायला मराठीत जरा धीर लागतो, पण म्हणतो. उत्तरार्धात, युद्धाच्या भागात, बरीच गाणी वार्ता सांगतात. अमुक पडला, तमुक आला. तिथे बोलणाऱ्याला स्वतःचं असं काही दुखत-खुपत नाही, आणि मग तोच कडव्यांचा घाट ओझं होतो. चार कडव्यांनंतर चाल शब्द वाहून नेणारी गाडी होते. अपवाद म्हणजे रामाचे बाण निष्फळ ठरू लागतात तो प्रसंग. शिर उडवलं की नवं येतं, पुन्हा उडवलं की पुन्हा येतं, आणि रामाला कळेना की बळ सरलं की पुण्य. युद्धाच्या गोंगाटात हे एक गाणं एकदम आतलं होतं, कारण पुन्हा 'कोण बोलतंय' याला उत्तर आहे. (वाल्मीकीत पुढे सारथी मातली रामाला आठवण करून देतो की ब्रह्मास्त्र तुझ्याकडे आहे की. अडलेल्याला बाहेरून कुणीतरी त्याच्याच भात्याकडे बोट दाखवतो. माझ्या आवडत्या प्रसंगांपैकी एक.)

आणखी एक तक्रार. रेडिओवर ही गाणी वेगवेगळ्या गळ्यांतून आली: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक, गजाननराव वाटवे, लता मंगेशकरसुद्धा. घराघरांत पुढे पोचलं ते फडक्यांनी एकट्यानं गायलेलं. त्यांचं गाणं स्वच्छ, उच्चार असे की लहान मुलाला शुद्धलेखन घालावं. पण कौसल्या, शूर्पणखा, शबरी, सगळ्यांचा आवाज एकच झाला. मी वर म्हटलं की 'कोण बोलतंय' या प्रश्नानं चाली सोडवल्या. समोर कोण गाणार आहे हे ठाऊक असणं हा त्या उत्तराचा अर्धा भाग होता. तो अर्धा भाग एकल ध्वनिमुद्रणात पुसला गेला, आणि आपण त्या पुसलेल्या प्रतीवरून 'एकसुरी आहे' असं म्हणतो.

दर आठवड्याचं ओझं घेणारा फडके काही जगात पहिला नव्हता. बाख १७२३ मध्ये लाइपझिगला गेला आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी चर्चसाठी एक कँटाटा उभा करत राहिला. अडलं की तो आपलीच जुनी रचना काढून तिला नवे शब्द घालायचा. आज यूट्यूबवर कुणी असं केलं तर खाली कमेंटमध्ये 'कॉपी' म्हणून शिव्या पडतील. याच्या दुसऱ्या टोकाला रॅखमॅनिनॉफ. १८९७ ला त्याची पहिली सिंफनी सपशेल पडली आणि हा माणूस सुमारे तीन वर्षं मोठं काही लिहू शकला नाही. १९०० मध्ये तो निकोलाय डाल नावाच्या डॉक्टरकडे जात राहिला, आणि त्यातून दुसरा पियानो कन्चेर्टो आला, जो त्यानं डालनाच अर्पण केला. या गोष्टीत लोकांना संमोहनाचा भाग आवडतो. मला आवडतो तो तपशील वेगळा: त्यानं कन्चेर्टोचा दुसरा आणि तिसरा भाग आधी पुरा केला, ते दोन्ही वाजवूनही झाले, आणि पहिला भाग नंतर आला. सुरुवात सुचत नव्हती तर त्यानं सुरुवातीची वाट बघितली नाही.

पण यासाठी लाइपझिगला जायची गरज नाही. मराठीत एक म्हण आहे जी या सगळ्या निबंधाचं काम पाच शब्दांत करते: जात्यावर बसलं की ओवी सुचते. आपण ती 'काम सुरू केलं की जमतं' एवढ्या अर्थानं वापरून झिजवली आहे. तिचा सांगीतिक अर्थ बघा. जात्यावर बसणाऱ्या बाईला चाल शोधायची नसते, ती आईकडून आलेली असते. ताल शोधायचा नसतो, तो दगड देतो. लांबी ठरवायची नसते, खुंटा फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढी. उरते फक्त आजची गोष्ट: भाऊ आला नाही, सासू बोलली, पोरगं तापलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या, त्यांचा आकडा लाखाच्या वर जातो. लाख. आणि त्या रचणाऱ्या बायकांपैकी 'मला सुचत नाही' असं म्हणून कुणी दळण तसंच ठेवलं असेल असं वाटत नाही. सकाळी भाकरी लागायची. याला रोमँटिक करायचं कारण नाही, ते कष्ट होते, आणि पिठाची गिरणी आली तेव्हा बायका सुटल्या. पण गिरणीबरोबर जातं गेलं आणि ओवीचा शुक्रवारही गेला.

आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव मानतात. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला आणि तो अपुरा राहिला, अशी परंपरा आहे. तीनेकशे वर्षांनी तुकोबांच्या स्वप्नात तेच नामदेव पांडुरंगाला घेऊन येतात आणि सांगतात की माझा राहिलेला आकडा तू पुरा कर. तुकोबांनी हे स्वतःच्या अभंगात सांगितलं आहे. भाविकांना यात साक्षात्कार दिसतो, तो त्यांचा. मला यात एक विलक्षण व्यवहारी गोष्ट दिसते. स्वप्नातला नामदेव तुकोबाला 'प्रतिभावान हो' म्हणत नाही, 'स्वतःचा वेगळा आवाज शोध' असंही म्हणत नाही. तो काम सोपवतो, बाकी किती आहे ते सांगून. घाटही तयारच: अभंग. ज्याला वाण्याचं दुकान मोडल्यावर आणि दुष्काळात माणसं गेल्यावर काहीही लिहिण्याचं कारण उरलं नव्हतं, त्याला कारण मिळालं ते दुसऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या कामातून.

आमच्याकडे आज असा शुक्रवार एकच उरला आहे: १४ एप्रिल. मार्च उजाडला की मराठवाड्यात भीमगीतांची घाई सुरू होते. बरीच गाणी गाजलेल्या सिनेगीतांच्या चालीवर असतात, आणि शिकलेली मंडळी त्यावर नाक मुरडतात. बाखला माफ आहे ते इथे माफ नाही. पण हा घाट नीट वापरला तर काय होतं ते वामनदादा कर्डकांनी दाखवलं आहे. अक्षरओळख मोठेपणी झालेला हा माणूस हजारोंनी गाणी लिहून गेला, लोकांच्या तोंडात बसलेल्या तालावर, समोर सभा बसलेली असताना. चाल उसनी घेतली की सगळा जोर शब्दांवर लावता येतो, आणि तारीख ठरलेली असली की 'फायनल खरंच' नावाची फाइल उघडायला वेळ नसतो. हल्ली डीजेचा बेस शब्द गिळून टाकतो, ही तक्रार मलाही आहे. गेल्या एप्रिलमध्ये बाळापुरातल्या एका पोराचं गाणं मिरवणुकीत वाजलं. तिसऱ्या कडव्याचे शब्द कमी पडले होते म्हणून त्यानं पहिलंच कडवं पुन्हा घातलं होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याच्या आलं होतं. यंदाचं तिसरं कडवं त्यानं फेब्रुवारीतच लिहून ठेवलं आहे, बाकीचं गाणं अजून व्हायचं आहे.